एका पापुद्र्याचे नाक

मोखाडा तालुक्यातील खोडाळा येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सूर्यमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून तापाने फणफणलेले मूल तिथे आणले, की बोटाच्या टोकाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला जातो. हिवतापाची तपासणी तिथल्या तिथे होऊ शकते. पण त्यापुढच्या कितीतरी तपासण्यांसाठी रोग्याला किंवा त्याच्या नमुन्याला मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि तिथेही भागले नाही तर नाशिक गाठावे लागते. पावसाळ्यात घाट आणि ओहोळ ओलांडून हा प्रवास करणे म्हणजे काय, हे तिथल्या शिक्षकांना आम्ही सांगायची गरज नाही. म्हणूनच सुई नको, प्रयोगशाळा नको, नळीत फुंकर मारली की रोग ओळखता येईल, असे कोणी म्हटले तर ते ऐकण्याची उत्सुकता सर्वांत जास्त कुठे असेल, तर ती अशा गावी.

असे म्हणणारे शास्त्रज्ञ आज जगभर आहेत, आणि त्यांच्या हाती एक नवे साधन आले आहे: एकच रेणू जाडीचा पापुद्रा. हा पापुद्रा वास कसा घेतो, त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा आणि खोडाळ्यात तो नेला तर काय होईल, हे या लेखात पाहू.

श्वासावरून रोग ओळखण्याची कल्पना नवी नाही. मधुमेह बळावलेल्या रोग्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, मूत्रपिंडे निकामी झालेल्याच्या तोंडाला अमोनियाचा, हे जुन्या वैद्यांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते. मात्र श्वासात नेमके काय काय असते, याची मोजदाद 1971 साली लायनस पाउलिंग यांनी केली. त्यांनी उच्छ्वास थंड करून गोठवला, मग तो हळूहळू तापवून वायुवर्णलेखन या पद्धतीने त्यातील घटक वेगळे केले. तेव्हा सुमारे अडीचशे निरनिराळे पदार्थ त्यात आढळले. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांनीच श्वास जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. उरलेल्या चिमूटभर जागेत ही शेकडो बाष्पशील सेंद्रिय संयुगे दाटीवाटीने राहतात. काही रक्तातून फुप्फुसात उतरतात, काही तोंडातील आणि आतड्यातील जिवाणू तयार करतात, तर काही आपण नुकतेच खाल्लेल्या जेवणातून येतात.

चिमूटभर म्हणजे किती? निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोनचे प्रमाण ढोबळमानाने दहा लाख भागांत अर्धा ते एक भाग असते. श्वासनलिकांना दम्याची सूज आली की नायट्रिक ऑक्साइड वायू वाढतो. त्याचे प्रमाण अब्ज भागांत मोजतात: मोठ्या माणसात पंचवीसच्या खाली असेल तर विशिष्ट प्रकारची सूज नसावी, पन्नासच्या वर असेल तर ती असावी, असे डॉक्टर मानतात. अब्जात एक हे प्रमाण वर्गात समजावून सांगायचे तर उलट बाजूने जावे. साध्या एका उच्छ्वासात सुमारे अर्धा लिटर हवा असते. ॲव्होगाड्रोचा अंक वापरून हिशेब केला तर त्यात 12 या अंकावर 21 शून्ये इतके रेणू भरतात. त्यांचा अब्जावा हिस्सा घेतला तरी बारा लाख कोटी रेणू हाती उरतात. म्हणजे एखादा पदार्थ श्वासात विरळ असला तरी त्याचे रेणू थोडे नसतात. अडचण त्यांच्या संख्येची नसून गर्दीची आहे. जत्रेत हरवलेले मूल शोधावे तसे ते शोधावे लागतात.

मोठ्या प्रयोगशाळेत हे काम वायुवर्णलेखक आणि वस्तुमान वर्णपटमापक ही जोडी करते. ती मोठी, महाग असते आणि चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो. ती खोडाळ्याला नेता येणार नाही. नेता येईल असे साधन म्हणजे अर्धवाहक संवेदक. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळवणारी गजराची पेटी तुम्ही पाहिली असेल. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी 1962 साली टिन ऑक्साइडच्या अशा संवेदकाचे पेटंट मागितले. टिन ऑक्साइडच्या कणांवर गॅसचे रेणू पोहोचले की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि गजर वाजतो. या संवेदकात दोन उणिवा आहेत. एक, तो दोनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवावा लागतो, म्हणजे वीज सतत खर्च होते. दुसरी उणीव जास्त मूलभूत आहे. वायूचे रेणू कणाच्या पृष्ठभागावरच बसतात, कणाच्या पोटातील अणूंना त्यांचा पत्ताही नसतो. एक सहस्रांश मिलिमीटर बाजू असलेला घन घेतला तर त्याच्या हजार अणूंपैकी एक-दोनच पृष्ठभागावर असतात. बाकीचे सगळे आत बसून वीज वाहतात आणि पृष्ठभागावर जे घडते त्याचा ठसा पुसट करतात.

मग असा पदार्थ घ्यावा, ज्याला पोटच नाही!

अभ्रकाचा तुकडा नखाने सोलला तर त्याचे पातळ पातळ पापुद्रे निघतात, हे आपण सर्वांनी केलेले आहे. पेन्सिलीतले ग्राफाइट त्याच जातीचे. त्यात कार्बनच्या अणूंचे षटकोनी जाळीचे थर एकमेकांवर रचलेले असतात. एका थरातील अणू परस्परांना घट्ट धरून असतात, पण थराथरांमधली पकड सैल असते. त्यामुळे कागदावर पेन्सिल फिरवली की थर सुटून कागदाला चिकटतात, आणि यालाच आपण लिहिणे म्हणतो. दोन थरांमधील अंतर 0.335 नॅनोमीटर आहे, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर असतात. त्यांतला एकच थर वेगळा करून दाखवण्याचे काम मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी केले. ते 2004 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यासाठी त्यांना 2010 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी वापरलेले मुख्य हत्यार म्हणजे चिकटपट्टी. ग्राफाइटला पट्टी लावायची, सोलायची, सोललेल्याला पुन्हा पट्टी लावायची. या एकेरी थराचे नाव ग्राफीन. त्यातील प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो. एक ग्रॅम ग्राफीन पसरले तर दोन्ही बाजू मिळून त्याचे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे चोवीस गुंठ्यांच्या वर भरते. असा पदार्थ लांबी आणि रुंदी या दोनच मितींत पसरलेला असल्यामुळे त्याला द्विमितीय पदार्थ म्हणतात.

अशा पापुद्र्यावर वायूचा रेणू येऊन बसला की काय होते? बहुतेक रेणू इलेक्ट्रॉनच्या बाबतीत एकतर देणारे असतात किंवा घेणारे. अमोनिया देणारा आहे, नायट्रोजन डायऑक्साइड घेणारा. पापुद्र्यातून वाहणारा विद्युतप्रवाह हा मोजक्या विद्युतभारांचा असतो. त्यात चार भार वाढले किंवा कमी झाले तरी फरक दिसतो. मँचेस्टरच्याच गटाने 2007 साली दाखवले, की ग्राफीनवर एकेक रेणू बसताना आणि उठताना त्याचा रोध पायरी-पायरीने बदलतो. एक रेणू ओळखणे म्हणजे संवेदकाच्या क्षमतेचा शेवटच म्हणायचा, असे कोणालाही वाटेल. पण ते प्रयोग अत्यंत स्वच्छ परिस्थितीत केलेले होते. शिवाय एकदा चिकटलेले रेणू घालवण्यासाठी ग्राफीन निर्वातात सुमारे 150 अंशांपर्यंत तापवावे लागले होते. ही गोष्ट पुढे आपल्या कामाला येणार आहे.

ग्राफीननंतर दुसऱ्या पापुद्र्यांचा शोध सुरू झाला. त्यांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा मानाचा मानकरी. यंत्रांना वंगण म्हणून वापरतात तीच ही काळी पूड. याच्या एका थरात मधे मॉलिब्डेनमचे अणू आणि वर-खाली गंधकाचे अणू असतात. पुरणपोळीत पुरण असते तसे. थराची जाडी सुमारे 0.65 नॅनोमीटर. ग्राफीन हा प्रवाह पूर्ण बंद न होणारा वाहक आहे, तर हा खरा अर्धवाहक आहे. म्हणून याचा ट्रान्झिस्टर होतो आणि त्याचा प्रवाह बाहेरून कमीजास्त करता येतो.

या पदार्थाच्या वायुसंवेदनाचा एक महत्त्वाचा अभ्यास 2013 साली दत्तात्रय लाटे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. लाटे तेव्हा अमेरिकेत विनायक द्रविड यांच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गटाबरोबर काम करत होते, पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. सी. एन. आर. राव हेही या निबंधाचे एक लेखक. त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या काही थरांचे ट्रान्झिस्टर बनवून त्यांवर नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया आणि दमट हवा सोडली. नायट्रोजन डायऑक्साइडने इलेक्ट्रॉन ओढून घेतले, रोध वाढला. अमोनियाने इलेक्ट्रॉन दिले, रोध कमी झाला. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे. पण दोन थरांचा नमुना आणि पाच थरांचा नमुना यांची तुलना केली, तेव्हा पाच थरांचा जास्त संवेदनशील ठरला. वर आपण केलेला तर्क लावला तर उत्तर उलटे यायला हवे होते. सिंगापूरमधील एका गटालाही 2012 साली असेच काहीसे दिसले होते: एकेरी थर नायट्रिक ऑक्साइडला चटकन प्रतिसाद देई, पण त्याचा प्रवाह स्थिर राहत नसे, दोन ते चार थरांचे नमुने मात्र स्थिर राहत. थरांची संख्या बदलली की पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्याच बदलतात. त्यामुळे जितके पातळ तितके चांगले हा नियम सरसकट लागू पडत नाही. विद्यार्थ्यांना द्विमितीय पदार्थ शिकवताना ही गोष्ट जरूर सांगावी असे आम्हांला वाटते, कारण वर्तमानपत्री लेखांत ती हटकून गाळलेली असते.

त्यानंतरची भर म्हणजे मॅक्सीन. टायटॅनियम आणि कार्बन यांच्या थरांचा हा कुटुंबकबिला 2011 साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात सापडला. कोरियातील एका गटाने 2018 साली मॅक्सीनचा संवेदक करून अब्जात पन्नास ते शंभर भाग इतक्या विरळ ॲसिटोन, अल्कोहोल आणि अमोनियाची नोंद खोलीच्या तापमानालाच घेतली. श्वासातले ॲसिटोन याच्या दहापट असते. तेव्हा संवेदनशीलतेचा प्रश्न सुटल्यासारखा आहे.

आता हे नाक खोडाळ्याला न्यायचे आहे, तेही जुलै महिन्यात. पहिला अडथळा पाण्याचा. प्रयोगशाळेत बहुतेक मोजमापे कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा कोरड्या हवेत होतात. पण श्वास तोंडातून बाहेर येतो तोच वाफेने पूर्ण भरलेला. चौतीस अंशांच्या आसपास त्यात शंभरात पाच भाग पाणी असते. म्हणजे ॲसिटोनच्या एका रेणूमागे पाण्याचे पन्नास हजार रेणू पापुद्र्याच्या दारात उभे! अब्जात एक भाग असलेला पदार्थ शोधायचा असेल तर एकास पाच कोटी. आणि लाटे यांच्या प्रयोगात आपण पाहिलेच, की पाण्याच्या वाफेलाही हाच पापुद्रा प्रतिसाद देतो. भोवती धुके, भिंतींना ओल आणि वाळत घातलेले कपडे आठवडाभर दमट असतील, तर संवेदकाची शून्याची खूणच रोज सरकत राहणार. श्वास कोरडा करणाऱ्या भुकटीतून तो आधी गाळून घेता येतो, पण पाण्यात सहज विरघळणारे ॲसिटोनही त्या भुकटीत काही प्रमाणात अडकते. शेजारी केवळ दमटपणा मोजणारा दुसरा संवेदक ठेवून वजाबाकी करता येते, पण मोठ्या संख्येतून मोठी संख्या वजा करून लहान उत्तर काढताना चूक किती वाढते, हे गणिताच्या शिक्षकांना माहीत आहे. त्यातून मॅक्सीन दमट हवेत हळूहळू ऑक्सिडीभूत होते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थरही हवेत काही महिने उघडा राहिला तर खराब होतो.

दुसरा अडथळा निघून न जाणाऱ्या पाहुण्याचा. खोलीच्या तापमानाला चालतो हा या संवेदकांचा मोठा गुण म्हणून सांगतात. पण रेणूला उठून जायला लागणारी ऊर्जा उष्णतेतूनच मिळते. थंड पापुद्र्यावर घट्ट बसलेला रेणू कित्येक मिनिटे, कधी तासही, हलत नाही. आरोग्य केंद्राच्या ओट्यावर चाळीस माणसांची रांग असेल तर पहिल्याचा श्वास दुसऱ्याच्या नावावर जमा व्हायचा. यावर अतिनील प्रकाशाची तिरीप किंवा क्षणभर तापवणे हे उपाय आहेत, आणि मग विजेचा खर्च थोडाफार परत येतोच.

तिसरा अडथळा आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो पापुद्र्याचा नाहीच. समजा, ॲसिटोन बिनचूक मोजले. त्याचा अर्थ काय लावायचा?

शरीराला साखर मिळाली नाही, किंवा इन्सुलिनच्या अभावी वापरता आली नाही, की यकृत चरबी जाळू लागते. त्यात ॲसिटोॲसिटेट नावाचे संयुग तयार होते, ते आपोआप मोडून ॲसिटोन सुटते आणि श्वासावाटे बाहेर पडते. अनेक निबंधांत मधुमेहाची रेषा दहा लाखांत 1.8 भागांवर आखलेली आढळते. पण उपाशी माणसाचे शरीरही नेमके हेच करते. एक दिवस पोटात काही गेले नाही तरी ॲसिटोन कित्येक पट वाढू शकते, आणि लहान मुलांत ते मोठ्यांपेक्षा लवकर वाढते. शहरातल्या दवाखान्यात आलेल्या धष्टपुष्ट माणसांवर आखलेली रेषा जव्हार-मोखाड्यात जशीच्या तशी आणली, तर भुकेल्या मुलासमोर यंत्र मधुमेहाचा दिवा लावील. या तालुक्यांचे नाव 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले होते, तेव्हा ही शंका केवळ पुस्तकी नाही.

आणि गुंता इथेच संपत नाही. कुपोषणाशी निगडित असा मधुमेहाचा एक प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 साली तो वेगळा वर्ग म्हणून मान्य केला, 1999 साली तो वर्ग काढून टाकला, आणि 2025 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून पुन्हा मान्यता दिली. या रोग्यांचे वैशिष्ट्य असे, की ते कृश असतात, रक्तातील साखर खूप चढलेली असते, तरीही त्यांच्यात ॲसिटोनच्या जातीची संयुगे सहसा साचत नाहीत. म्हणजे जिथे हा प्रकार आढळण्याचा संभव जास्त, तिथेच श्वासातले ॲसिटोन त्याला ओळखण्यास निरुपयोगी. भुकेल्याला मधुमेही ठरवायचे आणि खऱ्या मधुमेह्याला सोडून द्यायचे, असा दुहेरी घोटाळा उत्तम संवेदकाकडूनही होऊ शकतो. मुलाचे कुपोषण ओळखायचे असेल तर अंगणवाडीतील दंडाची पट्टी आज अधिक भरवशाची आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. तिला बॅटरी लागत नाही.

हिवतापाची गोष्टही अशीच रंजक आहे. ऑस्ट्रेलियात 2015 साली स्वेच्छेने हिवताप टोचून घेतलेल्या व्यक्तींच्या श्वासात गंधकयुक्त चार संयुगे वाढलेली आढळली. 2018 साली आफ्रिकेतील मलावी देशात 35 मुलांचा श्वास तपासला गेला. त्यात सहा संयुगांच्या आधारे हिवताप झालेली आणि न झालेली मुले 83 टक्के अचूकतेने वेगळी करता आली. पाइनच्या वासातली दोन टर्पीन संयुगे त्या श्वासात ठळक होती. डासांना आकर्षित करणारी म्हणून ती आधीच माहीत होती. म्हणजे परजीवी स्वतःच्या प्रवासाची सोय करून ठेवतो की काय, असा विचार मनात येतो. पण मलावीतली यादी ऑस्ट्रेलियातल्या यादीशी जुळली नाही. शिवाय ऑस्ट्रेलियात सापडलेल्या चारांपैकी एक, ॲलिल मिथिल सल्फाइड, लसूण खाल्ल्यावर तासन् तास आपल्या श्वासात असते. आमच्याकडे तर लसणाची चटणी आहे, सुका बोंबील आहे, मोहाची दारू आहे आणि चुलीचा धूर आहे. यांतले प्रत्येक आपापले रेणू घेऊन श्वासात हजर होणार.

यावर उपाय म्हणून एका पापुद्र्याऐवजी अनेक वापरतात. पर्सो आणि डॉड यांनी 1982 साली इंग्लंडमध्ये ही युक्ती मांडली, आणि ती आपल्या नाकाकडूनच उसनी घेतलेली आहे. आपल्या नाकात बोंबलासाठी एक आणि मोगऱ्यासाठी एक अशी वेगळी केंद्रे नसतात. सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक प्रत्येक वासाला कमीजास्त प्रतिसाद देतात, आणि मेंदू त्या प्रतिसादांचा आकृतिबंध ओळखतो. तसेच ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, मॅक्सीन असे निरनिराळे पापुद्रे एका चिपवर बसवून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून संगणकाला शिकवायचे. पण संगणक ज्यांचे श्वास दाखवाल त्यांच्यावरच शिकतो. त्याला नागली-वरीची भाकरी खाणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या वारली, कातकरी, ठाकूर माणसांचे श्वास दाखवलेच नाहीत, तर त्यांच्याबद्दल तो जे बोलेल ते ऐकीव असेल. म्हणून आमच्या मते पुढचे काम नवा पापुद्रा शोधण्याचे कमी आणि अशा ठिकाणी निरोगी माणसांचे श्वास सर्व ऋतूंत, जेवणाआधी आणि जेवणानंतर, धीराने नोंदवण्याचे जास्त आहे. त्यावर निबंध छापून येणे अवघड, हेही खरे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून थांबू. 6बी किंवा 8बी पेन्सिलीने जाड कागदावर पाच सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टा गडद रंगवावा. दोन टोकांना मल्टिमीटरच्या तारा चिमट्याने लावून रोध मोजावा. कागद असा वाकवावा, की पट्टा बाहेरच्या बाजूला ताणला जाईल, रोध वाढतो. उलट वाकवला तर घटतो, कारण पापुद्रे एकमेकांजवळ सरकतात. अमेरिकेतील एका गटाने 2014 साली पेन्सिलीच्या अशाच रेघांपासून ताण आणि विषारी वाफा ओळखणारे संवेदक केले होते. आता कागद न हलवता पट्ट्यावर तोंडाने फुंकर मारावी, मग हातपंख्याने कोरडी हवा घालावी, मग स्पिरिटचा बोळा जवळ धरावा, आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहावा. फुंकरेने बदललेला आकडा उबेमुळे बदलला, कागदाने पाणी शोषले म्हणून बदलला, की फुंकरेच्या जोराने कागद हलला म्हणून? ही तीन कारणे वेगळी करणारे तीन प्रयोग मुलांनाच सुचवायला सांगावेत, आणि तेच प्रयोग एकदा जानेवारीत व एकदा जुलैमध्ये करून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावावेत.